वाचक विचारतात : नावामागची जोडणी

‘आधुनिक अमेरिका घडवणारी माणसं आणि शोध’ या विषयावर आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा ‘अमुकतमुकचा जनक कोण?’ अशा प्रश्नांचा ढीग येणार हे गृहीत होतं. तो आलाच. पण पुणेकर वाचकाला जनकापेक्षा बिघाडात जास्त रस असतो, हेही दिसलं. म्हणून ज्या पत्रांत जळालेली मोटर, हललेली छपाई किंवा न वाचला जाणारा बारकोड आहे, ती आधी घेतली. जनकांची नावं त्या ओघात येतील. बहुतेक ठिकाणी एका नावावर भागत नाही, हे तेव्हाच सांगू.

धाकटे दीर सॅन होजेहून कायमचे परतले. येताना मिक्सर, राइस कुकर आणि भिंतीवरचं विजेचं घड्याळ घेऊन आले. मिक्सर पिन बदलून लावला, तर मिनिटभरात जळका वास! तिकडे १२० व्होल्ट आणि इकडे २३० का? आणि दिवा एडिसननेच शोधला ना? – एक गृहिणी, कोथरूड

कुकर अजून लावला नसेल, तर लावू नका. पिन फक्त आकार जुळवते, व्होल्टेज होतं तेवढंच राहतं. तापणारी वस्तू किती वीज ओढणार, हे व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. २३० भागिले १२० म्हणजे १.९२, आणि त्याचा वर्ग सुमारे ३.६७. तुमचा कुकर ६०० वॅटचा असेल, तर आपल्या सॉकेटवर तो २,२०० वॅट ओढू पाहील. आतला थर्मल फ्यूज उडाला तर थोडक्यात निभावलं म्हणायचं.

प्रत्येक वस्तूच्या तळाशी चिकटवलेली पट्टी वाचा. त्यावर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल (मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात), तर नुसती पिन पुरे. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल, तर २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत विचारा. घेताना वस्तूच्या वॅटचा हिशेब करा. कुकरसारख्या तापणाऱ्या वस्तूला सव्वापट पुरतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून मोटर असेल तर दुप्पट घ्या. ६०० वॅटच्या मिक्सरला १,२०० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या मापात लिहितात). हातात उचलून पाहा; लोखंड-तांब्याचा असेल तर चांगलाच जड लागेल. मुठीत मावणारा आणि वर ‘१६०० वॅट’ छापलेला प्रवासी कन्व्हर्टर वेगळा. तो विजेची लाट कापून देतो. इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्राला थोडा वेळ चालतो, पण मोटर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची त्यावर वाट लागते.

आता हर्ट्झ, म्हणजे विजेच्या सेकंदाला किती लाटा येतात ते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात. मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, तिला ५० काय आणि ६० काय, फरक पडत नाही. घड्याळ जर विजेच्या लाटा मोजून चालणारं असेल, तर ते तासात पन्नासच मिनिटं पुढे सरकेल. त्याला उपाय नाही, शोभेला ठेवा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन आणायचा पुढे विचार असेल, तर तोही सोडा. ६० हर्ट्झची (ब्रश नसलेली) इंडक्शन मोटर इथे एक षष्ठांश वेग गमावते आणि वर तापते.

१२० कुठून आले, त्याची मुळं एडिसनच्या दिव्यातच आहेत. विजेने तार तापवून उजेड पाडणारे एडिसनआधी अनेक होते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वानचा दिवा त्याच सुमारास तयार होता, आणि १८८३ मध्ये तिथे दोघांनी कंपनी एकत्र केली. एडिसनचं वेगळेपण तांब्याच्या हिशेबात आहे. दिव्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी असेल तर करंट जास्त लागतो, करंट जास्त तर तारा जाड लागतात, आणि अख्ख्या गल्लीला तांबं पुरवता पुरवता धंदा बुडतो. म्हणून त्याने मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत मुद्दाम जास्त रोधाची, बारीक कार्बनची तार धरली. १८७९ च्या ऑक्टोबरात सुती धाग्याचा कोळसा केलेली तार तेरा-चौदा तास जळली. पुढे बांबूच्या तारेने ही मजल शेकडो तासांवर गेली. अशी तार शंभरेक व्होल्टवर नीट चालायची. वाटेतली घट धरून वीजकेंद्रावर ११० ठेवले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं केंद्र सुरू झालं ते याच मापाने. जमिनीखालच्या तारा, फ्यूज, मीटर, सॉकेट हे सगळं त्यासाठी नव्याने करावं लागलं, आणि ते करणारी माणसं एकट्या एडिसनहून पुष्कळ जास्त होती. कार्बनची तार टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं १८८२ चं एक पेटंट लुइस लॅटिमरच्या नावावर आहे. त्याचे आईवडील गुलामीतून पळून आलेले होते.

एडिसनची वीज एकदिश (डीसी) होती, त्यामुळे केंद्रापासून मैलभरात तिची मजल संपायची. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८८८ मध्ये निकोला टेस्लाची मोटरची पेटंटं घेतली आणि दिशा बदलत राहणाऱ्या (प्रत्यावर्ती) विजेचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने चढवून-उतरवून ती दूर नेली. १८९६ च्या नोव्हेंबरात नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. टेस्ला-वेस्टिंगहाउसची बाजू जिंकली, पण घराघरांत दिवे ११० चेच बसलेले होते, म्हणून तो आकडा राहिला आणि पुढे १२० झाला. ६० हर्ट्झ वेस्टिंगहाउसच्या अभियंत्यांनी धरले, ५० जर्मनीच्या एईजी कंपनीने. युरोपाने पुढे दुप्पट व्होल्टेज घेतलं, कारण तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तारेतली घट पाव होते. आपण इंग्रजांमार्फत त्या पंगतीत बसलो. अमेरिकेतही घरात खरं तर २४० च येतात. दोन तारांत वाटून प्रत्येकी १२० केलेले असतात, आणि कपडे वाळवायचं यंत्र पूर्ण २४० वर चालतं.

भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. सहा जण पंपांची जुळवणी करतात, प्रत्येक जण अख्खा पंप बांधतो. मुलगा म्हणतो, फोर्डसारखा सरकता पट्टा टाकू, काम दुप्पट होईल. फोर्डने नेमकं काय केलं होतं? – एक लघुउद्योजक

पट्टा ही त्यातली शेवटची गोष्ट. पट्ट्याचा खर्च करण्याआधी चिरंजीवांना हा हिशेब घालून द्या.

आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवण ३० आणि दोन चहा २० वजा केले की उरतात ४३०. आज एका पंपाला अर्धा तास लागतो असं धरू. सहा जण मिळून दिवसाला ८६ पंप काढतील. आता तेच काम सहा ठिकाणी पाच-पाच मिनिटांचं वाटलं, तर दर पाच मिनिटांना एक पंप, म्हणजे पुन्हा ८६ च! नुसत्या वाटणीने काही मिळालं नाही. आणि एका ठिकाणाला, समजा सील बसवायला, पाचाऐवजी सात मिनिटं लागली, तर सगळी लाइन सातावर येते आणि दिवसाचे पंप होतात ६१. पट्टा टाकून काम घटलं, असं जे ऐकू येतं ते इथेच घडतं.

फोर्डला वेळ मिळाला तो चालणं, वाकणं, शोधणं आणि घासणं बंद करून. त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ च्या वसंतात पहिला प्रयोग फ्लायव्हील मॅग्नेटोवर (इंजिनातल्या ठिणगीला वीज देणाऱ्या भागावर) झाला. एक माणूस पूर्ण नग बांधायचा, त्याला सुमारे २० मिनिटं लागत. ते काम २९ टप्प्यांत वाटलं, तेव्हा एका नगामागची मनुष्य-मिनिटं १३ मिनिटं १० सेकंदांवर आली. मग लाइन आठ इंच उंच केली, माणसाचं वाकणं गेलं, आणि वेळ सात मिनिटं झाली. सरकण्याचा वेग जुळवत पाच. पाच मिनिटं म्हणजे दर पाच मिनिटांना एक नग नव्हे. १४ माणसं आठ तासांत १,३३५ नग काढू लागली, त्याचा हा दरमाणशी हिशेब आहे.

तिथून ते चॅसीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे गेले. एका जागी उभी चॅसी जुळवायला १२ तास २८ मिनिटं लागत. अडीचशे फुटांवर दोराने चॅसी ओढत नेली, सुटे भाग वाटेवर ठेवले, सहा जण बरोबर चालत जुळवत गेले. एवढ्यावरच ५ तास ५० मिनिटं. १९१४ च्या सुरुवातीला लाइन कमरेच्या उंचीला आली, त्यातही उंच आणि बुटक्या तुकड्यांसाठी पावणेसत्तावीस आणि साडेचोवीस इंच अशा दोन उंच्या केल्या. वेळ १ तास ३३ मिनिटं. कल्पनेचं श्रेय एकट्या हेन्री फोर्डकडे जात नाही. चार्ल्स सोरेन्सन, क्लॅरेन्स ॲव्हरी, विल्यम क्लॅन ही माणसं रोज तिथे घड्याळ घेऊन उभी असत. क्लॅनने शिकागोचा कत्तलखाना पाहिला होता. तिथे जनावर टांगून पुढे सरकायचं आणि प्रत्येक खाटीक एकच काप घ्यायचा.

या सगळ्याच्या आधीची अट मात्र वेगळी आहे. सुटा भाग हातात घेतला की बसला पाहिजे. जुळवणीवाल्याच्या टेबलावर कानस दिसली, तर लाइन टाकायची वेळ आलेली नाही असं समजा. बेअरिंगची बोअर, शाफ्ट, सीलची बैठक या तीन मापांना आधी ‘गो – नो गो’ गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं मापक) लावा आणि नापास भाग मशीन शॉपलाच परत पाठवा. मग प्रत्येक कृती मोबाइलच्या घड्याळावर दहा-दहा वेळा मोजा. सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही लिहा, कारण लाइन त्यावर अडते. प्रेसचं काम आणि पाण्याच्या दाबाची चाचणी यांची मिनिटं कमी होत नाहीत. चाचणीला सात मिनिटं लागत असतील, तर दोन टेस्ट स्टँड करा. कमरेइतक्या उंचीचं रोलरचं टेबल, प्रत्येकापुढे हाताशी ट्रे, वरून लटकलेला स्क्रू ड्रायव्हर, एवढ्यावर दोन महिने चालवून पाहा. मोटरचा पट्टा नंतर.

आणि माणसांचं बघा. १९१३ मध्ये फोर्डकडे सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षात पन्नास हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली, इतकी ती त्या कंटाळवाण्या कामातून पळत होती. ५ जानेवारी १९१४ ला जाहीर झालेला रोजचा पाच डॉलर पगार त्यावरचा उपाय होता. आधी नऊ तासांना २.३४ डॉलर मिळत, आता आठ तासांना पाच. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग ‘नफ्याचा वाटा’ होता आणि तो सगळ्यांना मिळत नव्हता. सहा महिने नोकरी झालेली हवी, आणि कंपनीची माणसं घरी येऊन दारू, बचत, राहणी तपासून जात. दानशूरपणाची ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीची किंमत मात्र खरोखर उतरली. १९०८ मध्ये ८५० डॉलर, १९२५ मध्ये सर्वांत साधी गाडी २६० डॉलर. म्हणून कंटाळा येऊ नये यासाठी तुमच्या सहाही माणसांना सगळी ठिकाणं शिकवा आणि दर दोन तासांनी जागा बदला. एक जण रजेवर गेला की या शिकवण्याचं मोल कळेल.

लिफ्ट ओटिसने शोधली म्हणतात. दोर तुटला तर लिफ्ट कोसळते का? – सोसायटीचे सचिव, सिंहगड रस्ता

उचलयंत्रं फार जुनी. एलिशा ओटिसने दिला तो ब्रेक. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो उंचावरच्या पाळण्यावर उभा राहिला आणि दोर कापायला लावला. दोराचा ताण गेला की गाडीच्या कमानीसारखी स्प्रिंग सपाट होऊन दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. पाळणा काही इंच खाली आला आणि थांबला. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट लागली. तोवर वरचे मजले स्वस्त असत, जिने चढावे लागत म्हणून. पुढे तेच सर्वांत महाग झाले, हे तुमच्या सोसायटीतही दिसत असेल.

आजच्या लिफ्टला एकाहून जास्त दोर असतात. शिवाय वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर असतो. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो खालचे जबडे रुळांवर आवळतो. वार्षिक देखभालीच्या वेळी गव्हर्नर हाताने अडकवून जबडे खरंच धरतात का, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. नुसत्या शिक्क्यावर सही करू नका. अडकलेल्या माणसाने दार ताणून उडी मारू नये, हे मात्र मोठ्या अक्षरात लावा. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकलेली असते, तेव्हा खाली उघडी विहीर असते.

आमची ऑफसेट छपाई आहे. पावसाळ्यात चार रंगांचं रजिस्ट्रेशन (रंग एकावर एक नेमके बसणं) सुटतं, एसी लावूनही फरक नाही. ‘एसीचा शोध छापखान्यातच लागला’ असं वाचलं, ते खरं का? – एक मुद्रक, शनिवार पेठ

खरं आहे, आणि तुमच्याच तक्रारीवरून लागला. ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंग एकामागून एक चढवत. दोन रंगांच्या मध्ये हवेतली ओल बदलली की कागद फुगायचा आणि पुढचा रंग सरकून बसायचा. बफेलो फोर्ज कंपनीतल्या पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरियरने १७ जुलै १९०२ या तारखेचा यंत्राचा आराखडा काढला, तो ओल ५५ टक्क्यांवर धरण्यासाठी. माणसाला गार वाटावं हा हेतूच नव्हता. हिवाळ्यात ७० अंश फॅरनहाइट, उन्हाळ्यात ८०, आणि ओल वर्षभर तीच.

तुमचा एसी इथेच कमी पडतो, कारण तो फक्त तापमान बघतो. पावसाळ्यात पुण्यात हवा आधीच बऱ्यापैकी गार असते. खोली २५ अंशांवर आली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत येतं. कॅरियरची युक्ती अशी होती, की हवा आधी इतकी गार करायची की जास्तीचं पाणी गळून पडावं, आणि मग ती पुन्हा थोडी तापवून खोलीत सोडायची. २५ अंश आणि ५५ टक्के हवे असतील, तर हवा सुमारे १५ अंशांपर्यंत उतरवावी लागते. छोट्या छापखान्यात त्याचं सोपं रूप म्हणजे एसीच्या जोडीला वेगळा डीह्युमिडिफायर. त्याची उष्णता खोलीतच पडते, त्यामुळे एसीही चालू राहतो. मशीनजवळ, कागदाच्या उंचीला आर्द्रतामापक लावा. दाराजवळच्या आकड्याचा उपयोग नाही.

कागदाचं वेष्टण गोदामातून आणल्याआणल्या फाडू नका. छपाईच्या खोलीत किमान एक दिवस बंदच राहू द्या, मोठ्या थप्पीला जास्त. कडा लाटेसारख्या झाल्या तर कडांनी ओल घेतली. मधला भाग फुगून कडा आक्रसल्या तर उलट, कागद वाळला. एप्रिल-मेमध्ये असं होतं, आणि तेव्हा दोन कागद चिकटून जातात तेही कोरड्या हवेतल्या स्थितिक विजेने. एकरंगी किंवा दोनरंगी मशीनवर काम असेल, तर दोन फेऱ्यांमध्ये थप्पी प्लॅस्टिकने झाका आणि जमलं तर त्याच दिवशी संपवा. कागद ग्रेनच्या (कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या) आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून ग्रेन सिलिंडरच्या अक्षाला समांतर ठेवा. मग फुगवटा सिलिंडरच्या परिघाच्या दिशेने येतो आणि प्लेटखालच्या पॅकिंगने थोडाफार सावरता येतो. दुसऱ्या दिशेचा सावरत नाही.

अमेरिकेत हे यंत्र छापखान्यातून कापडगिरण्यांत आणि १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात गेलं. घराघरांत पोचलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. फिनिक्स, ह्यूस्टन ही तापणारी शहरं लाखोंची झाली त्यात त्याचा मोठा हात आहे.

अमेरिकेत बसमध्ये गोऱ्याला जागा द्यायला रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय बाई थकली होती म्हणून उठली नाही, असं आमच्या पाठात आहे. आणि वर्षभर बसवर बहिष्कार टाकला, तर हजारो लोक कामावर गेले कसे? – बी.ए.ची विद्यार्थिनी, डेक्कन

थकव्याची कथा सोयीची आहे, कारण तीत तयारी दिसत नाही. पार्क्सबाई अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात नागरी हक्क संघटनेच्या चिटणीस होत्या आणि अनेक वर्षं हेच काम करत होत्या. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, त्याला ८२ वर्षं झाल्यावरही तिथे ३६ आसनांच्या बसमध्ये पुढची दहा गोऱ्यांची, मागची दहा काळ्यांची आणि मधली ड्रायव्हर ठरवेल त्याची असत. १ डिसेंबर १९५५ ला पार्क्स मधल्या भागातल्या पहिल्या ओळीत होत्या. एका गोऱ्याला जागा मिळाली नाही, म्हणून त्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठली, पार्क्स उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही अशीच अटक झाली होती.

त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली. सोमवार, ५ डिसेंबरला काळ्या प्रवाशांनी बसवर एक दिवसाचा बहिष्कार टाकायचं ठरलं. तो इतका कडक झाला की संध्याकाळी तो पुढे चालू ठेवायचं ठरलं. २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले ते त्या दिवशी. शहरात नवे असल्याने कोणाशी वाकडं नव्हतं, हेही त्यांच्या निवडीमागे होतं.

प्रवासाची सोय ही खरी परीक्षा होती. आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच दहा सेंट घेतले. पोलिसांनी किमान ४५ सेंटच्या नियमावर बोट ठेवलं. मग खासगी गाड्यांची फळी उभी राहिली. ही पद्धत १९५३ मध्ये बॅटन रूज शहरातल्या बस-बहिष्कारात वापरलेली होती, तिथले पाद्री टी. जे. जेमिसन यांच्याकडून ती माहिती घेतली. तीनेकशे गाड्या, सकाळी गोळा होण्याची आणि संध्याकाळी परतण्याची ठरलेली ठिकाणं, वेळापत्रक, पेट्रोलला चर्चमधून वर्गणी. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या. भाडं घ्यायचं नाही, देणगी चालेल, नाहीतर विनापरवाना टॅक्सी म्हणून पकडतील! पुढे विमा रद्द होऊ लागले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. पुष्कळ जण सरळ चालले.

१३ नोव्हेंबर १९५६ ला स्थानिक न्यायालयात गाड्यांची ही व्यवस्था बंद करण्याची सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: बसमधला भेदभाव घटनाबाह्य. त्या खटल्यात पार्क्स नव्हत्या. कोल्विनसह चार स्त्रिया वादी होत्या, आणि खटला त्यांतल्या ऑरेलिया ब्राउडर यांच्या नावाने ओळखला जातो. हुकूम शहरात पोचेपर्यंत ३८१ दिवस भरले होते. सादरीकरण करणार असाल, तर पार्क्सचा फोटो जरूर लावा, पण त्याच्या शेजारी गाड्यांचं वेळापत्रक मांडा.

घरगुती मसाल्याची पाकिटं आता मॉलमध्ये जाणार आहेत. बारकोड छापला, पण काउंटरवर वाचला जात नाही. पाकीट पारदर्शक आहे, पट्ट्या आमच्या ब्रँडच्या लाल रंगात. – एक उद्योजिका, हडपसर

दोष तुमच्या पत्रातच लिहिलेला आहे. काउंटरवरचा स्कॅनर बहुधा लाल उजेड टाकतो. लाल पट्टी त्याला पांढरीच दिसते. केशरी आणि विटकरीही तशाच. पट्ट्या काळ्या, गडद निळ्या किंवा गडद हिरव्या हव्यात. मागचा रंग पांढरा, पिवळा, अगदी लालही चालेल. पारदर्शक पाकिटात मागे मसाला दिसतो, म्हणून बारकोडखाली पांढऱ्या शाईचा भरीव चौकोन छापून घ्या.

माप असं: मूळ आकारात कोरी जागा धरून रुंदी ३७.२९ मि.मी., सर्वांत बारीक पट्टी ०.३३ मि.मी. जागा नसेल तर ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २९.८३ मि.मी.पर्यंत लहान करता येतो. त्याहून नाही. डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मि.मी. कोरी जागा सोडायची. डिझाइनवाला तिथे चौकट किंवा वेलबुट्टी घालतो आणि कोड वाचला जात नाही. कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोड एका बाजूने ताणू नका. पाकिटाच्या चुण्या पडतात त्या जोडावर तो नको.

पट्ट्यांची दिशा छपाई मशीनमधून कागद जातो त्या दिशेला समांतर ठेवायला सांगा. यामागे इतिहास आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांच्या १९५२ च्या पेटंटात निशाणाच्या चकतीसारखी वर्तुळंही होती. छापताना शाई कागद सरकतो त्या दिशेला पसरते आणि वर्तुळ बिघडतं. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी सरळ पट्ट्या घेतल्या. शाई पसरली तर पट्टी फक्त थोडी लांब होते, जाडी बदलत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या किराणा व्यावसायिकांनी आणि उत्पादकांनी एकत्र बसून हाच नमुना धरला. एका दुकानाने एकट्याने हे करून उपयोग नव्हता, सगळ्यांचा क्रमांक एका पद्धतीचा हवा. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी पहिली वस्तू वाचली गेली: च्युइंगमचं पाकीट, ६७ सेंट.

क्रमांक मनाने घालू नका आणि इंटरनेटवरून स्वस्तात विकत घेऊ नका, तो आधीच दुसऱ्याच्या नावावर असू शकतो. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी करून घ्या. सुरुवातीचे ८९० एवढंच सांगतात की क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही. शेवटचा तेरावा आकडा पडताळणीचा. तो स्वतः काढून पाहा. नमुन्याला ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे तसेच, मधले तिप्पट: ८+२७+०+३+२+९+४+१५+६+२१+८+२७ = १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. इथे १३० पूर्णच आहेत, म्हणून शून्य. एक आकडा चुकला तर हे गणित हमखास पकडतं. शेजारचे दोन आकडे उलटले तरी बहुधा पकडतं; मात्र त्यांच्यात पाचाचा फरक असेल, जसे १ आणि ६, तर सुटतं. म्हणून क्रमांक हाताने टाइप केला असेल, तर छापायला देण्याआधी एकदा मोठ्याने वाचून ताडून घ्या.